व्हायचंच होतं

पवित्र प्रभाकर हा स्पायडर-मॅन आपल्याकडचा, पण त्याचं शहर मुंबई नव्हे, मुंबॅटन. तिथे इमारतीच्या खांद्यावर इमारत चढलेली, मधल्या पोकळीतून गाड्या धावतात आणि खाली रिक्षा-बसगाड्यांची दाटी. ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ 2023 च्या जूनमध्ये आपल्याकडे दहा भाषांत लागला, त्यांत मराठीही होती. त्यातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. भलीमोठी इमारत कोसळते आहे. इन्स्पेक्टर सिंग एका लहान मुलाला वाचवायला धावतात आणि वरून ढिगारा येतो. हे सिंग म्हणजे पवित्रच्या गायत्रीचे वडील. दुसऱ्या विश्वातून आलेला माइल्स मोरालेस नावाचा कोवळा पोरगा झेप घेतो आणि दोघांनाही सुखरूप बाहेर काढतो. थिएटरात टाळ्या पडल्या.

टाळ्या विरायच्या आतच मुंबॅटनच्या जमिनीला काळं भोक पडलं आणि ते वाढत चाललं. मग मिगेल ओ’हारा येतो. अनेक विश्वांतल्या स्पायडर-मंडळींचा तो म्होरक्या. त्याचं म्हणणं असं: प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही मृत्यू ठरलेले असतात. कुणी काका जातो, कुणी ओळखीचा पोलीस अधिकारी जातो. त्या मृत्यूंवरच ते विश्व उभं असतं. सिंग मरायला हवे होते. तू त्यांना वाचवलंस आणि अख्खं शहर धोक्यात आणलंस. याच हिशेबाने माइल्सचे वडीलही दोन दिवसांत जाणार आहेत, आणि मुलाने हात बांधून ते बघायचं आहे.

आम्ही हा चित्रपट लोअर परळला पाहिला, जिथे एके काळी फिनिक्स मिल होती आणि जिची चिमणी अजून मॉलच्या मधोमध उभी आहे. बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, “मामा, मिगेलचं चुकतंय कुठे? एका माणसासाठी सगळं जग घालवायचं का?”

मी काहीतरी बोललो, पण ते उत्तर नव्हतं. नीट उत्तर द्यायला मला बरंच मागे जावं लागतं.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत साचेखात्यात होते, आणि 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. भोंगा वाजायचा बंद झाला, पाळ्या गेल्या, गावाकडून आलेली माणसं गावाकडे परतली. उरलेल्यांपैकी कुणी वॉचमन झालं, कुणी भाजीची पाटी घेतली. पुढे माझ्या कळत्या वयात या सगळ्यावर एकच वाक्य ऐकू यायचं: व्हायचंच होतं. गिरण्या जुन्या झाल्या होत्या, यंत्रमागाचं कापड स्वस्त पडत होतं, शहराच्या मध्यावर कारखाने किती दिवस चालणार? संप हे फक्त निमित्त. हे वाक्य वर्तमानपत्रांत असायचं, शिकल्यासवरल्या पाहुण्यांच्या तोंडी असायचं. चाळीत मात्र ते कधीच कुणी उच्चारलं नाही.

चाळीच्या गॅलरीत संध्याकाळी वडील आणि त्यांचे सोबती बसायचे तेव्हा दुसरंच बोलणं चाले. एक्याऐंशीच्या दिवाळीत बोनसच्या भांडणावरून स्टँडर्ड मिलचे कामगार कामगारनेते डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले, त्याआधीच बोनस नीट दिला असता तर? 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध (बी.आय.आर.) कायद्याने एकाच युनियनला मान्यता मिळाली होती. कामगारांना हवी ती युनियन निवडायची मुभा असती तर? पहिल्या तीन महिन्यांत सरकारने सामंतांना बोलणीला बोलावलं असतं तर? मला तेव्हा या गप्पांचा कंटाळा यायचा. आता जाणवतं की त्या गप्पांत स्वप्नरंजन नावालाही नव्हतं. गिरण्या आहेत तशा कायम राहिल्या असत्या असं त्यांच्यातलं कुणीही म्हणत नसे, कारण साचे किती जुने आहेत हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रस्ता नेमका कुठे फुटला, कुणाच्या हातून फुटला, तेवढंच ते पुन्हा पुन्हा तपासत. तारखेनिशी, कलमानिशी.

असेच फुटणारे रस्ते, म्हणजे कालरेषा, यांचा सुपरहीरोंच्या चित्रपटांत आता सुळसुळाट झाला आहे. त्याची मुळं कॉमिक्समध्ये आहेत. 1961 साली ‘फ्लॅश’च्या एका अंकात तेव्हाच्या फ्लॅशची गाठ जुन्या पिढीतल्या फ्लॅशशी घालून देण्यात आली आणि दोघे दोन निरनिराळ्या पृथ्वींवरचे, असा तोडगा निघाला. पुढे पृथ्व्या इतक्या झाल्या की 1985 मध्ये एक मोठी मालिका काढून त्या आटोपत्या घ्याव्या लागल्या. सिनेमाने तोच रस्ता धरला. माझी तक्रार कालरेषांच्या संख्येवर नाही. त्या कशासाठी फोडल्या जातात यावर आहे. 2019 च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, मेला तेव्हा मुंबईत रात्रंदिवस खेळ चालू होते आणि पोरं हुंदके देत बाहेर पडत होती. टोनी साकारणारा तोच नट आता दुसऱ्या नावाने, डॉक्टर डूमच्या मुखवट्यात परत येणार असल्याचं 2024 मध्ये जाहीर झालं. ती पोरं टोनीसाठी रडली होती, आणि त्याचा चेहरा असा परत आणायचा होता तर ते अश्रू फुकट गेले असं मला मनापासून वाटतं. ‘एंडगेम’ जोरात असतानाच, त्या मे महिन्यात, दादरचं चित्रा थिएटर कायमचं बंद झालं. त्याची दुसरी आवृत्ती कुठल्या पृथ्वीवर निघणार?

या विषयावरची माझ्या मते सर्वोत्तम मराठी कथा मात्र हॉलिवुडमध्ये ही लाट यायच्या कितीतरी आधी लिहिली गेली, आणि ती बरीचशी दक्षिण मुंबईत घडते. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. नारळीकर 2025 च्या मे महिन्यात गेले, त्यानंतर मी ती पुन्हा वाचली. गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासकार. पुण्यात चालता चालता ट्रकची धडक बसते आणि ते वेगळ्याच इतिहासात जाऊन पडतात. तिथे 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना लागायची ती गोळी त्यांना चाटून गेली, सैन्याचा धीर सुटला नाही, आणि मग दिल्लीपासून सगळंच बदललं. ईस्ट इंडिया कंपनी मूठभर जागेत अडकून पडली. मुंबई इंग्रजांकडे आहे, पण भाडेपट्ट्याने, आणि पट्ट्याची मुदत संपते 2001 साली.

मराठी माणसाला याहून गोड स्वप्न दुसरं नाही. नारळीकरांनी त्या स्वप्नाची किंमतही तिथेच सांगितली आहे. बोरीबंदरला उतरल्यावर पंत आपल्या मुलाच्या कचेरीत जातात, विनय गायतोंडेंची चौकशी करतात, आणि तिथल्या बाई यादी चाळून सांगतात की या नावाचं इथे कुणी नाही. पहिल्या वाचनात मी हे सहज ओलांडून गेलो होतो. आता तिथेच थांबतो. पानिपत जिंकलं, आणि पोटचा मुलगा हरवला. पंत तसेच पुढे टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जातात आणि दिवसभर वाचत राहतात. हा इतिहास वळला कुठे, तेवढंच त्यांना शोधायचं असतं. रात्री आझाद मैदानावरच्या सभेत रिकामी खुर्ची बघून अध्यक्षपद घ्यायला जातात, लोक त्यांना हुसकावतात, आणि ते आपल्या जगात परततात. खिशात उरतो बखरीचा एक फाटका कागद.

त्या जगात त्यांना बसायला खुर्ची नाही, याला मी कथेचा प्रामाणिकपणा म्हणतो. राजेंद्र देशपांडे हा त्यांचा मित्र पुंजयांत्रिकीच्या आधाराने समजावून सांगतो की अणूच्या पातळीवर एका घटनेच्या अनेक शक्यता असतात आणि प्रत्येक शक्यतेचं आपापलं विश्व असू शकतं. ह्यू एव्हरेटने 1957 मध्ये मांडलेली कल्पना ती हीच. नारळीकर मुळात वैज्ञानिक, त्यामुळे हा भाग ते घाईत उरकत नाहीत. पण मला त्यातून मिळालेली गोष्ट विज्ञानाची नव्हे. गोळी एका बाजूला गेली, ती दुसऱ्या बाजूलाही जाऊ शकली असती. पानिपताचा निकाल आधी लिहून ठेवलेला नव्हता. पराभवानंतर आपल्याला हे कुणीतरी सांगावं लागतं, नाहीतर हरलेली माणसं हळूहळू असं मानू लागतात की आपण हरण्याच्याच लायकीचे होतो.

याच पानिपताने दुसरा एक प्रकार जन्माला घातला. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांचं काय झालं याबद्दल लोकांची खात्री पटेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई 1783 मध्ये वारल्या, पण तोवर त्यांनी वैधव्य स्वीकारलं नाही. भाऊ जिवंत असावेत ही इच्छा घराघरांत इतकी दाटलेली की सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण उभा राहून म्हणाला, मीच भाऊ, आणि हजारो लोक त्याच्यामागे गेले. कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले. अखेर पुण्याच्या फौजांनी त्याला हटवलं, तो मुंबईच्या इंग्रजांकडे पळून निघाला असता रघूजी आंग्र्यांनी धरला, आणि 1776 मध्ये त्याला मारण्यात आलं. न. चिं. केळकरांनी पुढे त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं.

मुंबॅटनमध्ये कडक शिस्तीच्या गप्पा मारणाऱ्या मिगेलचा पूर्वेतिहास आठवून बघा. दुसऱ्या एका विश्वात त्याला आपल्यासारखाच माणूस दिसला, सुखी, लहान मुलीचा बाप. तो माणूस मारला गेला तेव्हा मिगेल गुपचूप त्याच्या घरात जाऊन राहिला. मुलीला कळलंही नाही. मग ते विश्वच कोसळलं आणि मुलगी त्याच्या हातांतून विरून गेली. म्हणजे मिगेल हा तोतया होता. मेलेल्याच्या जागी जाऊन बसण्याचा गुन्हा त्याने केला, त्याची शिक्षा मुलीला मिळाली, आणि त्यातून त्याने धडा कोणता घेतला? कुणीही, कधीही, काहीही बदलायचं नाही. दुःखाने वेडा झालेल्या माणसाचा हा निष्कर्ष मला समजतो. पण त्याने दोन गोष्टींची सरमिसळ केली आहे. मेलेला माणूस परत आणणं वेगळं. जो अजून मेलेला नाही त्याला ढिगाऱ्याखालून ओढून काढणं वेगळं. पहिल्यात तोतयेगिरी आहे. दुसऱ्याला तोच नियम लावायचा तर अग्निशामक दलाच्या जवानांनाही घरी बसवावं लागेल.

हाच फरक ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ने 2021 मध्ये फार सुंदर दाखवला होता. तिथे तीन काळांतले तीन पीटर पार्कर एकत्र येतात. त्यातला मधला, अँड्र्यू गारफिल्डचा. त्याची प्रेयसी ग्वेन 2014 च्या चित्रपटात उंचावरून पडली होती. त्याने जाळं फेकलं, ते पोचलं, पण उशिरा. इथे दुसऱ्या पीटरची एमजे तशीच खाली पडते. तो उडी घेतो, या वेळी जाळ्यावर भिस्त न ठेवता तिला अंगाशी धरूनच जमिनीवर उतरतो. उतरल्यावर त्याचा चेहरा बघावा. डोळे भरलेले. एमजेच त्याला विचारते, तू ठीक आहेस ना? ग्वेन परत आलेली नसते, येणारही नसते. वाचलेली मुलगी दुसऱ्याची आहे. पण एकदा उशीर झाला म्हणून हात नेहमीच उशिरा पोचतो असं नाही, हे त्याला स्वतःच्या हातांनी कळलेलं असतं. चाळीच्या गॅलरीतली माणसं बरोबर याच जागेवर उभी होती. आपली नोकरी परत मागत नव्हती ती.

तसं पाहिलं तर मेलेला जिवंत होणं आपल्या सिनेमात पहिल्या दिवसापासून आहे. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यात रोहिदास परत उठतोच. त्याआधी हरिश्चंद्राने तारामतीवर तलवार उगारलेली असते, सगळं देऊन झालेलं असतं. देव फार उशिरा येतात आणि म्हणून ते आलेले चालतात. त्या चित्रपटाच्याच दोन आवृत्त्या झाल्या. फाळक्यांनी 1917 मध्ये तो पुन्हा चित्रित केला, आणि आज जी रिळं हाती आहेत ती पहिल्याची नसून दुसऱ्याची असावीत असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. कॉरोनेशनमधल्या प्रेक्षकाने काय पाहिलं ते कदाचित आपल्याला कधीच दिसणार नाही. तरी आपण हिंदी-मराठी सिनेमाची वंशावळ तिथूनच सुरू करतो, आणि ते योग्यच आहे.

आता गिरणगावाकडे येतो. नारळीकरांच्या कथेत मुंबईचा भाडेपट्टा 2001 मध्ये संपतो. आपल्या कालरेषेत त्याच साली दुसरंच घडलं. 1991 च्या विकास नियमावलीतलं 58 वं कलम ढोबळमानाने असं सांगत होतं की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. 2001 मध्ये त्यात दुरुस्ती झाली: वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती हिशेबात नाही. गिरणीच्या आवारात शेडच शेड असतात. एवढ्या एका फेराने उद्यानं आणि घरं आकसून गेली. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये शहराच्या बाजूने कौल दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या मार्चमध्ये तो फिरवला. विश्वासरावांची गोळी मला इथे दिसते. युद्ध नाही, आरडाओरडा नाही, कलमातली दोन ओळींची दुरुस्ती.

जे होऊ शकलं असतं ते कागदावर तयार होतं. राज्य सरकारने 1996 मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. गिरण्यांच्या जमिनींचा सुटासुटा विचार न करता त्या एकत्र जुळवून घरं, रोजगार आणि मोकळ्या जागा कशा काढता येतील याची आखणी त्यांनी केली. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या दोन स्टेशनांच्या परिसरात माणसांना ऐसपैस चालता येईल अशी जागा त्यात होती. ती योजना अमलात आली नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि कचेऱ्या आल्या, रोज लाखो माणसं त्याच जुन्या स्टेशनांवर उतरू लागली, त्याच अरुंद पुलांवरून.

29 सप्टेंबर 2017. सकाळची वेळ, पाऊस, एल्फिन्स्टन रोडचा पादचारी पूल. चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. मी त्या पुलावरून असंख्य वेळा गेलो आहे. पायऱ्यांच्या तोंडाशी गर्दी थांबली की आपले पाय आपले राहत नाहीत, मागचे नेतील तिकडे जायचं. दुसऱ्या दिवशी लोक म्हणू लागले, हे कधीतरी व्हायचंच होतं. या वेळी मी ते वाक्य आमच्या परळमध्येही ऐकलं, आणि मला राग आला. मग लष्कराला बोलावण्यात आलं आणि 2018 च्या फेब्रुवारीत तिथे नवा पूल लोकांसाठी खुला झाला. पाच महिने. वर्षानुवर्षं जे शक्य नव्हतं ते पाच महिन्यांत उभं राहिलं. मग त्या 23 जणांचं मरण कुठल्या विश्वाला टेकू देत होतं?

भाच्याला मी हेच सांगितलं, पण फार उशिरा, एका रविवारी जेवताना. ‘जग टिकायला हा माणूस मरायलाच हवा’ असं म्हणणारा मिगेल नेहमी उंचावरच्या खोलीत, पडद्यांसमोर उभा असतो आणि मरणारा माणूस खाली असतो. त्याच्या हिशेबात चूक असू शकते, कारण तो हिशेब त्याच्याच जखमेवरून मांडलेला आहे. आणि मुंबॅटन शेवटपर्यंत बुडालेलं आपण पाहिलेलं नाही. पवित्र आणि बाकीचे ते भोक आवरायला धावले, एवढंच पाहिलं.

भाचा ऐकून घेतो, पण त्याला पटलेलं नाही. तो म्हणतो, “मामा, तू सिनेमात संप आणतोस. पुढच्या भागात माइल्सचा बाप मेला नाही तर पिक्चरला वजनच येणार नाही.” ‘बियाँड द स्पायडर-व्हर्स’ अजून यायचा आहे, त्यामुळे आमचा वाद चालू आहे. माझ्या मते वजन यायला बाप मरावा लागत नाही. माइल्सने बापाला वाचवावं, जगही वाचवावं, आणि त्यासाठी त्याला दमछाक होईपर्यंत राबावं लागलेलं पडद्यावर दिसावं: भोक बुजवणं, पूल धरणं, माणसं एकेक करून खाली उतरवणं. मिगेलने तिथे येऊन हात लावावा. तिकिटं भाचाच काढणार आहे. मी त्याला सांगून ठेवलंय, मराठी आवृत्ती लागली तर आधी तिची काढ.